दारावर अलार्मचा सेन्सर बसवताना या चुका टाळा

घरांच्या दारांवर चोरी रोखणाऱ्या अलार्मचे सेन्सर बसवणे हा माझा व्यवसाय आहे. परंतु नवे सेन्सर बसवण्यापेक्षा इतरांनी घाईने बसवलेले सेन्सर काढून पुन्हा बसवण्यातच माझा अधिक वेळ जातो. तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते: "सेन्सर खराब झाला आहे, उगाच वाजतो." प्रत्यक्षात सेन्सर क्वचितच खराब निघतो. बसवणाऱ्याने सेन्सरच्या खोक्यावरचे चित्र पाहिलेले असते, पण ज्या दारावर तो बसवायचा ते दार मात्र नीट पाहिलेले नसते. उगाच वाजणारा अलार्म घरातली माणसे चार-सहा रात्रींनंतर बंद करून टाकतात आणि त्या दिवसापासून त्या घराला संरक्षण उरत नाही. म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

दाराच्या सेन्सरमध्ये बहुधा रीड स्विच असतो. वॉल्टर एलवुड यांनी 1936 साली बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये तो तयार केला आणि त्याची मूळ रचना आजही जवळजवळ तशीच आहे. काचेच्या बारीक, बंद नळीत लोह-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ आले की त्या एकमेकींना चिकटतात आणि दूर गेले की सुटतात. स्विच चौकटीवर बसतो आणि चुंबक दाराच्या फळीवर. म्हणजे या सेन्सरला चोर कळत नाही, फक्त चुंबक किती दूर आहे एवढेच कळते. दार स्वतःच हलत असेल, तर सेन्सर त्या हालचालीची प्रामाणिकपणे वर्दी देतो.

अंतर डोळ्यांनी ठरवणे

सर्वांत जास्त त्रास या एका चुकीने होतो. दार बंद केले, दार उघडे असल्याचे दाखवणारा दिवा विझला, म्हणजे काम झाले, असे नवशिक्या समजतो. परंतु रीड स्विचचा एक गुण त्याला ठाऊक नसतो. चुंबक जवळ येताना पट्ट्या ज्या अंतरावर चिकटतात, त्यापेक्षा काहीशा जास्त अंतरावर त्या चुंबक दूर जाताना सुटतात. त्यामुळे अगदी काठावर बसवलेला सेन्सर दिवसभर शांत राहतो, पण रात्री वाऱ्याने दार थोडेसे हलले की सुटतो, आणि दार जागेवर आले तरी परत जुळेलच असे नाही.

एका घरी मागच्या दाराचा अलार्म आठवड्यातून दोन-तीनदा मध्यरात्रीनंतर वाजत असे. माझ्याआधी आलेल्या माणसाने दोन वेळा सेन्सर बदलला होता. शेवटी घरच्यांनी पॅनलवर, म्हणजे अलार्मच्या मुख्य नियंत्रण पेटीवर, तो झोन (त्या दाराची पेटीला जोडलेली ओळ) बायपास करून, म्हणजे वगळून, ठेवला होता, म्हणजे चोराला सर्वांत सोयीचे असलेले दारच उघडे पडले होते. मी दुपारी गेलो तेव्हा सगळे ठीक दिसत होते. मी पट्टी लावून सेन्सर आणि चुंबक यांतली फट मोजली, ती 14 मिलिमीटर भरली. मग मदतनिसाला बाहेर उभे करून कडी लावलेले दार दाबायला आणि ओढायला सांगितले. कडीच्या खाचेत ढिलाई होती आणि वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू लाकडात नुसते फिरत होते. दार बंद असूनही अंतर 14 वरून 20 मिलिमीटरपर्यंत जात होते. सेन्सरच्या माहितीपत्रकात कमाल अंतर 20 मिलिमीटरच दिले होते, आणि तेही लाकडी दारासाठी. या दाराला मात्र पत्रा ठोकलेला होता. चुंबकाची बरीचशी शक्ती तो पत्राच गिळत होता.

मी सेन्सर बदलला नाही. बिजागरीचे स्क्रू लांब घातले, कडीच्या खाचेला पॅकिंग दिले, चुंबकाखाली प्लॅस्टिकची 8 मिलिमीटर जाडीची पट्टी घालून ते पत्र्यापासून उचलले आणि फट 5 मिलिमीटरवर आणली. त्यानंतर त्या दाराची तक्रार आली नाही. आधी काढून टाकलेले दोन्ही सेन्सर मी तपासले, तेव्हा दोन्ही चांगले निघाले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. सेन्सर खोक्यातून काढण्यापूर्वी मी दार बंद करून आतून फळी आणि चौकट या दोहोंवर पेन्सिलने एकच सलग रेघ ओढतो, मूठ धरून दार उचलून पाहतो आणि मदतनिसाकडून ते बाहेरून ढकलून घेतो. रेघ किती तुटते आणि फळी किती आतबाहेर सरकते, ते मोजूनच जागा ठरवतो. माहितीपत्रकात जे अंतर असेल त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त अंतर मी लाकडी दारावरही ठेवत नाही, आणि लोखंडी दारावर पावपट धरतो किंवा लोखंडी दारासाठीच बनवलेला मोठ्या चुंबकाचा सेन्सर घेतो. उलट, दोन्ही भाग एकमेकांना घासतील इतकेही जवळ आणू नयेत, कारण दमट दिवसांत लाकूड फुगते आणि फट स्वतःहून कमी होते. 3 मिलिमीटर मोकळे सोडलेले मला बरे वाटते. चुंबक साध्या लोखंडी स्क्रूने कसण्याऐवजी पितळी स्क्रू वापरावेत.

बिजागरीच्या बाजूला सेन्सर लावणे

तिकडे वायर नेणे सोपे जाते, म्हणून हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. 90 सेंटिमीटर रुंद दाराच्या बिजागरीपासून 10 सेंटिमीटरवर चुंबक लावले, तर मुठीकडची कड 10 सेंटिमीटर उघडली तरी चुंबक जेमतेम 11 मिलिमीटर सरकते. एवढ्या फटीतून हात आत जातो आणि सेन्सर मात्र दार बंदच आहे असे सांगत राहतो. सेन्सर नेहमी उघडणाऱ्या कडेला, शक्यतो वरच्या कोपऱ्यात असावा.

रेझिस्टर पॅनलमध्ये बसवणे

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. वायरच्या जोडणीत दार बंद असताना विजेचे मंडळ (सर्किट) पूर्ण असते आणि दार उघडले किंवा वायर कापली गेली की ते तुटते व अलार्म वाजतो. पण दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर काय होईल? तेव्हा दार उघडे असले तरी मंडळ पूर्णच दिसेल. हा धोका ओळखता यावा म्हणून ओळीच्या टोकाला, म्हणजे सेन्सरपाशी, एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, जोडतात. त्याचे मूल्य पॅनल बनवणारा ठरवून देतो, ते 2.2, 4.7, 5.6 किंवा 10 किलोओहम असे काहीही असू शकते. पॅनल 5.6 किलोओहमची अपेक्षा करत असेल आणि तारा चिकटल्या, तर त्याला जवळजवळ शून्य दिसते आणि ते बिघाड दाखवते. परंतु शिडीवर उभे राहून दाराच्या डोक्यावर दोन बारीक तारांत रेझिस्टर जोडणे कंटाळवाणे असते, म्हणून पुष्कळ जण तो सरळ पॅनलच्या टर्मिनलवर लावतात. मग वायर भिंतीत कुठेही चिकटली तरी पॅनलला तोच 5.6 दिसत राहतो.

एका घरी बाजूचे जुने दार काढून नवे बसवायचे होते. सुताराने चौकट उखडली, सेन्सर जमिनीवर पडला, त्याची वायरही तुटली, आणि तरीही पॅनलवर "दार बंद" असेच दिसत होते. घरच्यांनी मला बोलावले. मी वायर तपासत मागे गेलो, तेव्हा चौकटीलगतच्या लाकडी पट्टीचा एक खिळा वायरच्या बरोबर मधून गेलेला आढळला. त्या खिळ्याने दोन्ही तारा जोडून टाकल्या होत्या. ती पट्टी रंगकामाच्या वेळी, सुमारे दीड वर्षापूर्वी, काढून पुन्हा ठोकली होती. म्हणजे दीड वर्ष त्या दारावर अलार्म नव्हता, आणि घरातली वृद्ध जोडी रोज रात्री बटण दाबून निश्चिंत झोपत होती. ते दार सहसा उघडले जात नसल्यामुळे कोणाला शंका आली नाही. तो खिळा हातात घेतल्यावर मला काही क्षण बोलवले नाही.

मी रेझिस्टर सेन्सरपाशीच एका तारेत मालिकेत जोडतो, डाग देतो आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवतो. त्यानंतर तारा पॅनलपासून सोडवून मल्टिमीटरने मोजतो: दार बंद असताना रेझिस्टरचे मूल्य आणि वायरचे थोडेसे ओहम दिसले पाहिजेत, दार उघडल्यावर मंडळ पूर्ण तुटलेले दिसले पाहिजे. बंद दाराचा आकडा मी पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो. पुढे येणाऱ्या माणसाचा अर्धा तास त्यामुळे वाचतो. एकाच झोनवर अनेक दारे असतील तर हे सेन्सर एकामागोमाग एक जोडावेत. ते समांतर जोडल्यास एक दार उघडले तरी दुसऱ्यातून मंडळ पूर्ण राहते.

थोडक्यात सांगण्यासारख्या इतर चुका

दोन फळ्यांच्या दाराला एकच सेन्सर पुरत नाही. दोन्ही फळ्यांना वेगवेगळे सेन्सर हवेत. सरकत्या दारावर चुंबक स्विचच्या समांतर सरकत जाते, तेव्हा मुख्य जागेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक जागा अशी सापडू शकते जिथे पट्ट्या पुन्हा चिकटतात, म्हणून असे दार हळूहळू सरकवून पूर्ण मार्गावर तपासावे. चौकटीत छिद्र पाडून बसवायचा सेन्सर हातोडीने ठोकू नये, कारण आतली नळी काचेची असते. छिद्र घट्ट वाटले तर ते किंचित मोठे करावे. रीड स्विच दिव्याच्या बल्बला जोडून तपासण्याची पद्धत कृपया सोडून द्यावी. बल्ब पेटताना पहिल्या क्षणी ओढतो त्या विजेने पट्ट्या कायमच्या चिकटू शकतात. वायरलेस सेन्सरवर चुंबकाची बाजू दाखवणारी खूण असते. रीड स्विच त्याच बाजूला असतो, म्हणून खुणेसमोर खूण आलीच पाहिजे. पॅनलवरचा प्रवेशासाठीचा, म्हणजे आत आल्यावर अलार्म बंद करण्यासाठी मिळणारा, 30-40 सेकंदांचा अवधी फक्त ज्या दाराने घरचे लोक येतात त्यालाच द्यावा.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपविषयी मात्र थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण उतावीळ माणसाची तिथे हमखास फसगत होते. चांगली अ‍ॅक्रिलिक फोम टेप सामान्य तापमानाला 20 मिनिटांत सुमारे निम्मी, 24 तासांत 90 टक्के आणि 72 तासांतच पूर्ण पकड घेते. सेन्सर चिकटवून लगेच दार दहा वेळा आपटून पाहणारा माणूस ती पकड स्वतःच तोडत असतो. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा, सेन्सर अंगठ्याने नीट दाबावा आणि पहिला दिवस दार हलक्या हाताने लावावे. पॉलिश किंवा रंग सुटत असलेल्या दारावर टेप कितीही चांगली असली तरी उपयोग नाही; तिथे स्क्रूच मारावेत.

शेवटची तपासणी मी बाहेरून करतो. पॅनल चाचणीच्या स्थितीत ठेवून दार अगदी सावकाश ढकलतो आणि ज्या क्षणी आवाज येतो तेव्हा मुठीकडची फट किती आहे ते मोजून, तारखेसह वहीत लिहितो. सहा महिन्यांनी तीच फट पुन्हा मोजतो. ती कमी झालेली दिसली, तर दार खाली आले आहे किंवा कडी ढिली पडली आहे असे समजून, सेन्सरला हात लावण्याआधी स्क्रूड्रायव्हर घेऊन बिजागरीकडे जातो.