केंब्रिजच्या नॅचरल सायन्सेसचा अर्ज: मोरचुदापासून मुलाखतीपर्यंत

गेल्या ऑगस्टमध्ये मावसभावाने अर्जाचा मसुदा पाठवला आणि विचारलं, "ताई, यात आणखी काय घालू?" मी तो दोनदा वाचला आणि त्याला फोन करून म्हटलं, घालायचं काही नाही, काढायचं बरंच आहे. त्यानंतर दीडेक महिना आमचं जवळजवळ रोज बोलणं होत होतं. त्यातलं जे कामाला आलं ते, आणि २०२० साली मी स्वतः अर्ज केला तेव्हाचं जे आजही लागू पडतं ते इथे लिहिते आहे. केंब्रिजला विज्ञान (तिथे या पदवीचं नाव नॅचरल सायन्सेस) शिकायची खरी ओढ आहे, पण नेमकं काय करायचं हे सांगणारं जवळ कुणी नाही, अशांसाठी.

तारखांच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यातून निघतं. तिथल्या शिकवण्याचा कणा म्हणजे सुपरव्हिजन. व्याख्यानं आणि प्रयोगशाळा आहेतच, पण त्याशिवाय प्रत्येक विषयासाठी साधारण आठवड्याला एकदा, एक-दोन, फार तर तीन विद्यार्थी आणि त्या विषयातला जाणकार तासभर समोरासमोर बसतात. तुम्ही सोडवून दिलेल्या उदाहरणांवर बोलणं होतं. कुठे अडलात, का अडलात, दुसरी वाट होती का. तिथे गप्प बसून तास काढता येत नाही. मुलाखत घेणारेही बहुतेक वेळा कॉलेजात शिकवणारेच असतात. अर्ज वाचताना त्यांच्या मनात असतं ते हे, की हा मुलगा किंवा ही मुलगी वर्षभर आपल्यासमोर बसली तर शिकवताना मजा येईल का? उत्तर येत नसेल तेव्हा ती काय करते?

हे कळलं की पदकं आणि प्रमाणपत्रं यांच्यामागे धावण्यातला बराच वेळ वाचतो.

एक प्रश्न, पण शेवटपर्यंत

तयारी अर्जाच्या वर्षभर आधी सुरू होते, आणि ती परीक्षेची नसते. एखादा प्रश्न हाती घ्यायचा आणि तो सोडायचा नाही.

माझा प्रश्न मोरचुदाचा होता. घरात अडकून पडलेल्या त्या महिन्यांत मी बरणीत मोरचुदाचे स्फटिक वाढवत होते. गरम पाण्यात मावेल तेवढा मोरचूद विरघळवायचा, गार झाल्यावर तळाशी जमलेल्या खड्यांतला एक चांगला निवडायचा, दोऱ्याला बांधून पुन्हा त्या द्रावणात लोंबकळत ठेवायचा. पहिले दोन गढूळ निघाले. तिसरा सुंदर वाढत होता, आणि एका उकाड्याच्या दिवसानंतर सकाळी पाहिलं तर दोरा रिकामा. मी रडकुंडीला आले होते. मग डोक्यात आलं: तापमान वाढलं की पाण्यात मोरचूद जास्त मावतो, म्हणजे काल काठोकाठ भरलेलं द्रावण आज भुकेलं झालं आणि माझाच स्फटिक खाऊन बसलं. त्यानंतर मी रोज दोन वेळा तापमान लिहायला लागले. एक बरणी कापडात गुंडाळून सावकाश गार होऊ दिली, एक तशीच उघडी ठेवली. सावकाश वाढलेला स्फटिक पारदर्शक आला. घाईने वाढलेल्यात द्रावणाचे थेंब अडकले होते, म्हणून तो धुरकट. स्फटिकात कण रचले कसे जातात, घाईत ही रचना का चुकते, हे मी त्यानंतर वाचलं, आणि वाचताना प्रत्येक ओळ मला माझ्या बरणीत दिसत होती.

तुमचा प्रश्न मोरचुदाचा असायची गरज नाही. कुंडीतलं रोप उजेडाकडे कसं वळतं, सायकलच्या ब्रेकची उष्णता कुठे जाते, एखाद्या गणिती क्रमाची बेरीज का थांबते, काहीही चालेल. अट एवढीच की त्यात तुम्ही स्वतः काहीतरी मोजलेलं, मांडलेलं किंवा चुकलेलं असावं. नोंदी ठेवा, तारखेसकट. मला त्या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकाचा झाला नाही.

अर्जाची यंत्रणा

ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा अर्ज यूकॅस या एकाच ठिकाणी भरायचा असतो. पाच पर्याय निवडता येतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एका वर्षी एकालाच अर्ज करता येतो. या दोन्हींची मुदत इतरांपेक्षा बरीच आधी, १५ ऑक्टोबरला, तिथल्या वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजता संपते. तुमच्या घड्याळात तेव्हा किती वाजलेले असतील ते आत्ताच लिहून ठेवा. यूकॅसचा अर्ज गेल्यावर केंब्रिजकडून आणखी एक फॉर्म ईमेलने येतो आणि तो भरायला फार दिवस मिळत नाहीत, त्यामुळे स्पॅमचं फोल्डरसुद्धा रोज उघडून बघा.

शाळेकडून शिक्षकांचं शिफारसपत्र आणि अपेक्षित गुण लागतात. शिक्षकांना हे सप्टेंबरात नव्हे, सुट्टीच्या आधी सांगा, आणि नुसतं "सर, लिहून द्या" म्हणू नका. तुम्ही काय केलंत, वर्गात कुठल्या विषयावर वाद घातला होता, हे एका कागदावर लिहून द्या. शिक्षकांना तुमच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं, पण एवढ्या मुलांमध्ये तपशील आठवत नाहीत.

केंब्रिज विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थी एखाद्या कॉलेजाचा असतो, आणि ते कॉलेज अर्जातच निवडता येतं. ते निवडण्यात मावसभावाने तीन आठवडे घालवले. पदवीचे विद्यार्थी घेणारी २९ कॉलेजं आहेत. त्यांतली काही फक्त मुलींसाठी आहेत आणि काही २१ वर्षं किंवा त्याहून मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. व्याख्यानं, प्रयोगशाळा आणि पदवी सगळ्यांची एकच. एखादं आवडलं तर निवडा, नाहीतर 'ओपन ॲप्लिकेशन' करा, मग कॉलेज तेच ठरवतात. इथे डोकं लढवून शक्यता वाढवता येते असं मला वाटत नाही. तो वेळ गणिताला द्या.

विषयाची रचना मात्र नीट वाचा. नॅचरल सायन्सेसमध्ये पहिल्या वर्षी तीन विज्ञान विषय आणि त्यांच्या जोडीला गणिताचा एक विषय घ्यावा लागतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर मटेरियल्स सायन्स किंवा अर्थ सायन्सेस घेता येतं, जीवशास्त्राकडे कल असेल तर पेशी, शरीरक्रिया, उत्क्रांती असे वेगवेगळे विषय आहेत. पुढे हळूहळू एका विषयाकडे जायचं. फक्त भौतिकशास्त्रच हवं आणि बाकी काही नको, असं ज्याला ठामपणे वाटतं त्याने थेट भौतिकशास्त्राची पदवी देणारं विद्यापीठ बघावं. त्यात काहीच कमीपणा नाही.

ईसॅट

अर्जासोबत एक प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. माझ्या वेळी ती वेगळी होती. २०२४ पासून ईसॅट (ESAT) आहे. तिची नोंदणी यूकॅसमध्ये होत नाही. ती वेगळी, स्वतः करायची, आणि सप्टेंबरातच बंद होते. ही तारीख चुकली तर अर्ज कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. जानेवारीतही ईसॅट होते, पण केंब्रिजसाठी ऑक्टोबरचीच द्यावी लागते. पीअरसन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर संगणकावर परीक्षा होते. केंद्रं भरत जातात, म्हणून नोंदणी उघडली की जागा पकडा.

नॅचरल सायन्सेससाठी तीन भाग द्यायचे: गणित १ सगळ्यांना सक्तीचं, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित २ यांतले कोणतेही दोन. प्रत्येक भागात ४० मिनिटं आणि २७ बहुपर्यायी प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा नाही. कॅल्क्युलेटर चालत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

प्रश्नांमधलं विज्ञान फार खोल नसतं. अडवतो तो वेळ. मावसभावाला भौतिकशास्त्र उत्तम येतं, पण पहिल्या सरावात २७ पैकी १५ प्रश्नांपर्यंतच पोचला. कारण शोधलं तर ते आकडेमोडीत सापडलं. ०.०३६ ला ०.९ ने भागायला तो कागदावर भागाकार मांडत होता. आम्ही दोन आठवडे दुसरं काही केलंच नाही: अपूर्णांक, दहाचे घात, वर्गमुळांचा अंदाज, एककांवरून उत्तर ताडून बघणं. नंतर एनएसएएचे, म्हणजे आधीच्या परीक्षेचे, २०१६ ते २०२३ चे पेपर घड्याळ लावून सोडवले. ते मोफत मिळतात आणि ईसॅटच्या खूप जवळचे आहेत. पेपर सोडवण्याइतकाच वेळ चुकलेले प्रश्न पुन्हा बघायला द्या, आणि प्रत्येकापुढे लिहा: माहीत नव्हतं, घाई झाली, की प्रश्नच नीट वाचला नाही. तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

स्वतःबद्दल लिहिताना

यूकॅसच्या अर्जातलं पर्सनल स्टेटमेंट पूर्वी एक सलग निबंध असायचं. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले आहेत: हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तयारीसाठी आणखी काय केलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं. हे इंग्रजीत लिहायचं असतं, आणि आपण तिथे फसतो. परकी भाषा म्हणून भारदस्त शब्दांचा आधार घ्यावासा वाटतो. आधी मराठीत लिहून बघा, जसं मैत्रिणीला सांगाल तसं. मग तेवढ्याच साध्या इंग्रजीत मांडा.

माझ्या पहिल्या मसुद्यात सात पुस्तकांची नावं होती. बाईंनी प्रत्येक नावाभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "यातल्या कुठल्या पुस्तकाशी तुझं पटलं नाही?" मला एकाबद्दलही सांगता आलं नाही. दुसऱ्या मसुद्यात पुस्तक एकच राहिलं आणि विरघळलेला स्फटिक आत आला. बाईंचा तो प्रश्न मी आता प्रत्येक मसुद्याला विचारते.

हाच मजकूर पाचही विद्यापीठांना जातो. त्यामुळे केंब्रिजचं नाव त्यात घालू नका, आणि बाकीचे पर्यायही जवळच्या विषयांचे निवडा. डरहॅम, यूसीएल, बाथ इथेही नॅचरल सायन्सेस आहे.

मुलाखत

मुलाखती डिसेंबरमध्ये होतात, परदेशातून अर्ज करणाऱ्यांच्या सहसा ऑनलाइन. बहुतेकांच्या एक किंवा दोन. शिष्टाचाराचे प्रश्न जवळजवळ नसतात, थेट विषयाला हात घातला जातो.

सराव कसा करायचा ते एका उदाहरणाने सांगते. मी मावसभावाला म्हटलं, साइन क्ष भागिले क्ष, याचा आलेख काढ. तो पाच मिनिटं गप्प. काहीतरी करत होता नक्की, पण मला काहीच कळत नव्हतं. मी थांबवलं. "डोक्यात जे चाललंय ते तोंडाने बोल, चुकीचं असलं तरी." मग तो बोलू लागला. शून्यावर शून्य भागिले शून्य होतंय, म्हणून तिथे गडबड आहे. पण क्ष अगदी लहान असताना साइन क्ष जवळजवळ क्ष एवढाच असतो, म्हणजे किंमत १ कडे जाते. क्षच्या जागी उणे क्ष ठेवला तर वर-खाली दोन्हीकडे चिन्ह बदलतं, म्हणजे आलेख दोन्ही बाजूंना सारखा. पायच्या प्रत्येक पटीला शून्य, पण खुद्द शून्यापाशी नाही. लाटा मात्र लहान होत जातील, कारण भागणारा वाढतोय.

आलेख झाला. मग मी विचारलं, या लाटांची टोकं साइनच्या टोकांच्या बरोबर खालीच येतात का? तो "हो" म्हणाला, थांबला, आणि म्हणाला, "नाही, थांब. साइन टोकावर सपाट असतो, पण भागणारा तर वाढतोच आहे. म्हणजे तिथे पोचेपर्यंत आलेख उतरायला लागलेला असणार. टोक थोडं आधी येईल." बरोबर होतं. त्या "नाही, थांब"मध्ये मुलाखतीचं सगळं सार आहे. समोरचा माणूस सूचना देतो ती पकडायची, आपलं विधान मागे घ्यायला लाजायचं नाही, आणि का ते सांगायचं.

सरावासाठी शिक्षक मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर विज्ञान न शिकलेल्या आईला किंवा मित्राला समोर बसवा आणि उदाहरण समजावून सांगा. तेही पुरेसं कठीण असतं. पाठ केलेली उत्तरं मात्र करू नका. प्रश्न जरासा वळला की ती कोलमडतात, आणि ते समोरच्याला लगेच दिसतं.

माझ्या मुलाखतीत बरणी आली होती. त्यांनी विचारलं, द्रावण अखंड ढवळत ठेवलं असतं तर काय झालं असतं? मी ते कधी करून पाहिलं नव्हतं, आणि तसं सांगितलं. मग बोलत बोलत विचार केला: ढवळल्याने स्फटिकाजवळचं रोडावलेलं द्रावण बाजूला जाईल, वाढ वेगाने होईल, पण धक्क्यांमुळे नवे बारीक खडेही जन्माला येतील आणि मोरचूद त्यांच्यात वाटला जाईल. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, मी पुन्हा अडले, पुन्हा बोलत राहिले. अर्धा तास कधी संपला ते कळलं नाही.

निकाल जानेवारीच्या अखेरीस येतो. त्याआधी 'पूल' नावाचा टप्पा असतो. एखाद्या कॉलेजात जागा संपल्या पण उमेदवार चांगला वाटला, तर त्याचा अर्ज इतर कॉलेजांपुढे ठेवतात. तेव्हा तुम्ही न निवडलेल्या कॉलेजातून पत्र आलं तर गोंधळू नका, ते तितकंच खरं असतं. आणि शाळेची अंतिम परीक्षा बाकी असेल तर हाती येणारी ऑफर गुणांच्या अटीवर असते. ए लेव्हल (ब्रिटनमधली शाळेची अंतिम परीक्षा) देणाऱ्यांसाठी नेहमीची अट दोन ए स्टार आणि एक ए अशी कडक आहे, इतर बोर्डांच्या अटी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देशवार दिलेल्या आहेत. मुलाखत संपली त्या दिवशी मावसभाऊ झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला शाळेच्या सेंद्रिय रसायनशास्त्रातली शंका विचारली.