जिप्सी-जीपला स्टिअरिंग डॅम्पर बसवायचाय? आधी प्ले, मग माप, मग पाना

पावसाळ्यानंतर हरसूल किंवा पेठ साईडला गाडी घातली असेल तर हा प्रकार माहितीच असणार. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीतून गाडी चाललेली असते, मधेच एखादा दगड पुढच्या चाकाला लागतो आणि स्टिअरिंग असा झटका देतं की अंगठा आतल्या दांडीत अडकला असेल तर दोन दिवस चहाचा कप धरवत नाही. (म्हणून कच्च्यावर अंगठे कायम रिंगच्या वरच ठेवायचे, डॅम्पर असो वा नसो.) हा झटका चाकाकडून नकल (चाक ज्यावर वळतं तो सांधा), टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा), स्टिअरिंग बॉक्स असा फिरत फिरत हातात येतो. स्टिअरिंग डॅम्पर म्हणजे या साखळीत आडवा लावलेला ऑइलचा शॉकर, बस. ऑफिसच्या दाराला डोअर क्लोजर असतो ना तसंच काम, हळू ढकललं तर जाऊ देतो, जोरात ढकललं तर अडवतो. त्यामुळे आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा तो फारसा जाणवत नाही आणि चाकाकडून आलेला झटका मात्र ऑइलमध्ये जिरतो.

आता हे कोणाला लागतं ते आधी बघा. पुढे सलग अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड पाईपच्या टोकांना) असलेल्या गाड्यांना, म्हणजे जिप्सी, कमानपाट्यांवरच्या जुन्या महिंद्रा जीप आणि जिम्नी. जिम्नीला तर कंपनीचाच डॅम्पर येतो, तिथे फक्त बदली करायची असते. नाशकातच बनणाऱ्या नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं) आहे आणि स्टिअरिंग रॅकचं आहे, तिला खाली क्लॅम्प मारायला तसा लांब टाय रॉडच नाही, त्यामुळे थारवाल्यांनी हा किट शोधत बसू नका.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, वॉबलिंगवर डॅम्पर हा इलाज नाही. पन्नास-साठच्या स्पीडला ब्रिजच्या जॉइंटवरून गाडी गेली आणि पुढची दोन्ही चाकं थडथड नाचायला लागली, तर कुठेतरी काहीतरी ढिलं आहे किंवा टायर बॅलन्सिंग गेलंय. अशा गाडीला नवा कडक डॅम्पर लावला की थोडे महिने गप्प बसते आणि लोक म्हणतात प्रॉब्लेम गेला, पण खराब एंड (रॉडच्या टोकाचा सांधा) आतल्या आत झिजतच असतो, आणि डॅम्पर थकला की तेच वॉबलिंग दुप्पट जोराने परत येतं, तेही कसारा घाटात उतारावर आलं तर काय होईल विचार करा.

म्हणून पहिलं काम प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, शोधायचं. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा किंवा लाकडी ठोकळे. चाकं जमिनीवरच राहू द्या, एकाला आत बसवून स्टिअरिंग डावी-उजवी थोडं थोडं पण पटापट हलवायला सांगा (पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून), आणि तुम्ही खाली बघा. नुसतं बघून कळत नाही, प्रत्येक एंडवर हात ठेवा, दोन पार्टमधे किंचित टकटक लागली की बोटाला लगेच कळतं. स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर हलतोय का तेही बघा, जुन्या जीपला हे फार असतं. मग पुढचं टोक जॅकवर घेऊन खाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, नुसत्या जॅकवर कधीच घुसायचं नाही, आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले आला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंग पिन (नकल ज्यावर वळतो ती पिन). कमानपाट्याच्या गाडीत शॅकलचे बुश आणि यू बोल्ट, जिम्नीत पॅनहार्ड रॉडचे (अॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बुश, हेही हाताने चेक करा. जे गेलंय ते आधी बदला. टायर बॅलन्स करून घ्या, हवा बरोबर करा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं आणि डॅम्परचे पैसे वाचतात.

अलाइनमेंटही आधीच. का ते सांगतो, सलग अॅक्सलला टो-इन (पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली ठेवणं) सेट करताना टाय रॉड स्वतःभोवती फिरवावा लागतो, आणि त्यावर डॅम्परचा क्लॅम्प आवळलेला असेल तर तो आधी ढिला करावा लागणार, अलाइनमेंटवाला पोरगा तो परत नीट माप घेऊन आवळेल याची गॅरंटी कोण देणार.

घेताना दुकानातच हाताने दाबून बघा. दांडी पूर्ण आत ढकला आणि सोडा. जागेवर राहिली तर साधा ऑइलचा, आपोआप बाहेर यायला लागली तर गॅस भरलेला. गॅसवाला खराब असतो असं नाही, पण तो कायम दांडी बाहेर ढकलत असतो त्यामुळे सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एका बाजूला हलकंसं ओढतं, आणि जुन्या बिनापॉवर जीपला ते जास्त जाणवतं. माझं मत विचाराल तर जिप्सी-जीपला साधा ऑइलचाच घ्या. दुसरी टेस्ट, आत ढकलताना आणि बाहेर ओढताना जोर सारखाच लागला पाहिजे, मधे कुठे पोकळ सुटल्यासारखं वाटायला नको. आणि मागच्या शॉकरपैकी एखादा जुना आडवा लावू असली आयडिया कोणी दिली तर हात जोडा. सस्पेन्शनचा शॉकर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी अडवतो, म्हणजे स्टिअरिंग एकीकडे हलकं आणि एकीकडे जड. शिवाय साधा ट्विन ट्यूब शॉकर आडवा केला की ऑइलमधे हवा मिसळते आणि तो काम करणंच बंद करतो.

आता माप. यात घाई करू नका, बाकी सगळं काम पाने फिरवायचं आहे, डोकं इथेच लागतं. पुढची चाकं हवेत, गाडी घोड्यांवर. टाय रॉडवर खडूची एक रेघ मारा. डिफरन्शिअलच्या हाऊसिंगवर एक पक्की खूण ठरवा. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, रेघेपासून खुणेपर्यंत मोजा, मग पूर्ण उजवीकडे, परत मोजा. समजा रॉड १८० मिलिमीटर सरकतो. आणि तुमचा डॅम्पर पूर्ण दाबल्यावर ३३० आणि पूर्ण ओढल्यावर ५३० भरतो, म्हणजे स्ट्रोक २००. तर रॉड आपल्या चालीच्या बरोबर मधोमध असताना डॅम्परच्या दोन बुशमधलं अंतर ४३० यायला पाहिजे. मग एका लॉकला (स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर) ३४०, दुसऱ्याला ५२०, दोन्हीकडे दहा-दहा मिलिमीटर शिल्लक. लक्षात घ्या, मधोमध म्हणजे दोन लॉकच्या मधे, चाकं सरळ दिसतात तिथे नाही, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत डावीकडे आणि उजवीकडे रॉड सारखा सरकत नाही. शिल्लक ठेवली नाही तर नकलच्या स्टॉपर बोल्टच्या आधी डॅम्परच लॉक होतो, सगळा जोर त्याच्या ब्रॅकेटवर येतो, आणि ब्रॅकेट वाकतं किंवा वळणावर स्टिअरिंग अर्ध्यातच अडतं.

लावायचा कुठे? एक टोक हलणाऱ्या रॉडवर, दुसरं न हलणाऱ्या जागेवर. न हलणारी जागा अॅक्सलचा पाईप असेल तर उत्तम, कारण टाय रॉड आणि अॅक्सल सोबतच वर-खाली होतात, कमानीच्या हालचालीचा डॅम्परशी संबंधच राहत नाही. चेसिसवर लावला तर मात्र अॅक्सल पूर्ण खाली लटकल्यावर आणि पूर्ण वर दाबल्यावर दोन्ही वेळा माप परत तपासावं लागतं. अँगल जितका कमी तितकं चांगलं, डॅम्पर रॉडला जवळजवळ समांतर पाहिजे. ३० अंशाला त्याचा साधारण पाऊण जोर कामाला येतो, ४५ ला निम्माच, म्हणजे महागडा डॅम्पर घेऊन तिरका लावला तर स्वस्तातलाच घेतल्यासारखं.

फिटिंग आता सोपं आहे. टाय रॉडचा आणि अॅक्सल पाईपचा तेवढा भाग वायर ब्रशने लख्ख करा, चिखल-ग्रीसवर आवळलेला क्लॅम्प घसरतोच. डॅम्पर हातात आडवा धरून पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे आतली हवा बाजूला होते. सहसा जाड नळीची बाजू अॅक्सलकडे आणि दांडी हलणाऱ्या रॉडकडे ठेवतात, पण किटच्या कागदावर उलटं लिहिलं असेल तर कागद खरा. दोन्ही क्लॅम्प आधी हातानेच लावा, चाल मधोमध आणा, अंतर ४३० (किंवा तुमचं जे येईल ते) बसवा, आणि मग यू बोल्टचे नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, दोन्ही बाजूला आटे सारखे बाहेर दिसले पाहिजेत. टाय रॉड पोकळ पाईप असतो, चार फुटी पाईप पान्याला लावून जोर काढला तर तो चेपतो, आणि चेपलेला टाय रॉड म्हणजे बदललाच पाहिजे.

बुशचे बोल्ट चाकं सरळ असतानाच फायनल आवळायचे म्हणजे रबर पीळ घेऊन बसत नाही. १० एमएमच्या ८.८ ग्रेड बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, १२ एमएमला ८० च्या आसपास, यू बोल्टला मात्र हे आकडे लावू नका, त्यांचं किटमधेच दिलेलं असतं. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) नवीनच घ्या. बुशची स्लीव्ह बोल्टपेक्षा मोठी निघाली तर वॉशरचे तुकडे कोंबू नका, अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडून बरोबर मापाची स्लीव्ह करून मिळते. वेल्डिंगचं म्हणाल तर टाय रॉडला वेल्डिंग कधीच नाही, कोणी कितीही ओळखीचा असला तरी. तापलेल्या जागी लोखंडाची ताकद बदलते आणि तो रॉड तुटला तर दोन चाकं दोन दिशांना जातात.

जिम्नीवाल्यांना यातलं माप-बिप काही नाही, जुना डॅम्पर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठली बाजू कुठे, वॉशर कुठल्या क्रमाने. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घ्या. कुठल्याही गाडीत टोकाला निमुळता पिन अडकून बसला असेल तर आट्यांवर हातोडी मारू नका, ज्या कानात पिन बसलाय त्याच्या बाजूला टोला द्या, दुसऱ्या बाजूने दुसरी हातोडी आधाराला, दोन-तीन टोल्यांत सुटतो. नाहीतर पुलर आहेच.

आवळून झालं की चाकं अजून हवेत असतानाच स्टिअरिंग सावकाश एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत फिरवा आणि खालून बघा. डिफ, यू बोल्टच्या प्लेट, ब्रेक होज, कशालाच डॅम्पर लागायला नको. मग टाय रॉड हाताने धरून फिरवून बघा, कारण रॉडच्या एंडमधे तो थोडा फिरतोच, आणि क्लॅम्पच्या वजनाने चालताना खाली वळला की उभ्या गाडीत जी जागा दिसत होती ती राहत नाही. ही टेस्ट फार कमी गॅरेजमधे करतात.

पहिली चक्कर गंगापूर धरणाच्या साईडला सकाळी रस्ता मोकळा असताना मारा. वळणातून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ येतंय का बघा, अडखळत असेल तर डॅम्पर गाडीच्या मानाने जास्त कडक आहे किंवा कुठेतरी घासतोय. एका बाजूला ओढत असेल तर डॅम्परचं एक टोक सोडून, दांडी रस्त्याला लागणार नाही अशी बांधून, हळू चालवून बघा, ओढणं थांबलं तर कारण डॅम्परच. शंभर एक किलोमीटर झाले की सगळे नट परत एकदा पान्याने बघून घ्या, कच्च्यावर गेलात तर घरी आल्यावर लगेच. नटावर आणि बोल्टवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवली की पुढच्या वेळी नुसतं वाकून बघितलं तरी ढिला झालेला कळतो. आणि निफाडच्या काळ्या मातीतून आलात तर दांडीवर चिकटलेला चिखल ओला असतानाच पाण्याने धुवा, वाळल्यावर तो सील खरवडतो आणि मग दांडीवर ऑइलचा ओलसर पट्टा दिसायला लागतो, तो दिसला की डॅम्पर बदलायचा, त्याला रिपेअर नसतं.