कॉलरबोनच्या एक्स-रेचं बिलिंग: नवीन कोडरसाठी

नाशिकमध्ये बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं बिलिंग करणारी पोरं-पोरी आता ओळखीत सापडतातच, आणि नवीन माणसाच्या हातात आधी एक्स-रेचे चार्ट, म्हणजे पेशंटची कागदपत्रं, येतात कारण ते सोपे समजले जातात. कॉलरबोनला तर तपासणीचा कोड (बिलावर टाकायचा ठरलेला नंबर) एकच, ७३०००. तरी क्लेम, म्हणजे विम्याकडे पाठवलेलं बिल, परत येतो, कारण रिपोर्ट पूर्ण न वाचताच कोड टाकलेला असतो.

आधी ऑर्डर, म्हणजे डॉक्टरने तपासणी सांगितल्याचा कागद, उघडा. एक्स-रे कशासाठी सांगितला ते त्यात पाहिजे, पडला, मार लागला, खांदा दुखतोय, काहीही, पण लिहिलेलं पाहिजे. मग रिपोर्ट: बाजू कोणती, व्ह्यूज (कुठल्या कोनातून फिल्म) कोणते काढले, काय दिसलं आणि सही. ऑर्डरमध्ये उजवी आणि रिपोर्टमध्ये डावी असं दिसलं तर प्लीज अंदाजाने आरटी (उजवी) किंवा एलटी (डावी) लावू नका, सरळ क्वेरी टाका, म्हणजे तिकडे लेखी विचारा, तेवढा क्लेम होल्डवर राहू दे.

खांद्याचा एक्स-रे वेगळा बरं का, त्याला किमान दोन व्ह्यूज असतील तर ७३०३० आणि एकच असेल तर ७३०२०. खांद्याच्या फिल्ममध्ये कॉलरबोन दिसतंच, पण तेवढ्यावरून ७३००० लावायचा नाही, ऑर्डर आणि रिपोर्ट दोन्हीत त्याची वेगळी तपासणी असली तरच लावायचा.

मशीन हॉस्पिटलचं आणि रेडिओलॉजिस्टने फक्त वाचून रिपोर्ट दिला असेल तर त्याच्या क्लेमवर मॉडिफायर (कोडला जोडायचा जादा आकडा) २६, म्हणजे फक्त वाचण्याचे पैसे. क्लिनिकचं स्वतःचं मशीन आणि वाचणारा पण त्यांचाच डॉक्टर, तर मॉडिफायरशिवाय ग्लोबल, म्हणजे मशीन आणि वाचणं दोन्हीचं एकत्र बिल. इमर्जन्सीच्या डॉक्टरने नोटमध्ये नुसतं 'फ्रॅक्चर दिसलं' असं लिहिलंय, त्यावर मेडिकेअरकडे (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) २६ बिल होत नाही, लेखी इंटरप्रिटेशन लागतं.

आता डायग्नोसिसचा, म्हणजे आजाराचा कोड, सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. उजव्या कॉलरबोनच्या मधल्या भागाचं फ्रॅक्चर, हाड सरकलेलं, पहिला उपचार चालू, तर एस४२.०२१ए. डावं असेल तर एस४२.०२२ए. सरकलंय की नाही हे लिहिलंच नसेल तर सरकलेलं धरायचं, आणि ओपन की क्लोज्ड हे नसेल तर क्लोज्ड, हा डायग्नोसिस कोडिंगच्या गाइडलाइनचाच नियम आहे. शेवटचं अक्षर मात्र पेशंटची कितवी व्हिजिट आहे त्यावरून ठरत नाही, उपचार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून ठरतं. हाड नीट जुळतंय ना हे बघायला नंतर काढलेल्या एक्स-रेला डी, जुळायला उशीर होतोय तर जी, जुळलंच नाही तर के. फॉलोअपला पण सवयीने ए लावलेले चार्ट खूप बघितलेत मी, आणि ऑडिटमध्ये ते पकडले जातातच.

रिपोर्टमध्ये 'शक्यता आहे', 'संशय आहे' असं असेल तर ओपीडीत फ्रॅक्चर कोड करायचं नाही, ज्या तक्रारीसाठी पाठवलं तीच कोड करायची, म्हणजे उजवा खांदा दुखत असेल तर एम२५.५११.

आणि तारीख! घड्याळात आपण अमेरिकेच्या पुढे आहोत, नाईट शिफ्टला आपल्याकडे दिवस बदललेला असतो तेव्हा तिकडे अजून आदलाच दिवस चालू असतो. म्हणून सर्व्हिसची तारीख चार्टवरूनच घ्या, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली नाही. त्यात ते महिना आधी लिहितात, ०३/०४ म्हणजे ४ मार्च. मेडिकेअरला सर्व्हिसच्या तारखेपासून १२ महिन्यांत क्लेम जावा लागतो आणि ती मुदत याच तारखेवरून मोजतात.