स्टोइक व्हायचंय? मग या चुका टाळा

स्टोइक विचार, म्हणजे जे आपल्या हातात नाही त्यावर न चिडता शांतपणे जगायला शिकवणारं जुनं ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान, वाचायला घेतले की पहिल्या आठवड्यात माणूस एकदम शांत होतो आणि दुसऱ्या आठवड्यात घरातले सगळे त्याला वैतागतात, कारण तोवर त्याने सगळ्यांना शिकवायला सुरुवात केलेली असते.

सगळ्यात मोठी चूक हीच. मित्राचा फोन पडून स्क्रीनचा चुरा झालाय, तो बिचारा तुकडे गोळा करतोय आणि आपण शेजारी उभं राहून सांगतोय की अरे वस्तूच ती, आपल्या हातात काय असतं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान. एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाने नेमकं उलट सांगितलंय, तो म्हणतो की दुसऱ्याचा पेला फुटला की आपण सहज म्हणतो "होतं असं", तर स्वतःचा फुटेल तेव्हाही तेच म्हणता आलं पाहिजे. आणि कोणी रडत असेल तर त्याला सहानुभूती दाखवायला अजिबात कचरू नका, हेही तोच म्हणतो. हा माणूस एकेकाळी गुलाम होता, दुःख म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून मित्राला आधी तुकडे उचलायला मदत करा, तत्त्वज्ञान तुमचा स्वतःचा फोन पडेल त्या दिवसासाठी ठेवा.

दुसरी चूक, चेहरा दगडासारखा करून फिरणं. बॉस सगळ्यांसमोर बोलला, कान लाल झाले, की लगेच वाटतं आपण नापास. नाही हो! समुद्रात वादळ आलं तर ज्ञानी माणूसही पांढराफटक पडतो हे स्टोइकांना मान्यच होतं. पहिला झटका आपल्या हातात नसतो, त्याच्यानंतर आपण काय करतो ते असतं. सेनेका या रोमन स्टोइक लेखकाने रागावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यात रागावरचा मोठा उपाय काय, तर उशीर करणं. त्यामुळे तो रागाचा ईमेल लिहा हवं तर, पण पाठवू नका, रात्रभर ड्राफ्टमध्ये पडू द्या, सकाळी वाचताना स्वतःलाच हसू येईल.

"माझ्या हातात नाही" हे वाक्य आळशीपणासाठी वापरू नका. इंटरव्ह्यूचा निकाल हातात नाही, बरोबर, पण तयारी? स्टोइक लोक तिरंदाजाचं उदाहरण द्यायचे, नेम धरणं त्याचं काम, सुटलेला बाण कुठे लागेल ते त्याच्या हातात नाही. पण नेम तर धरावाच लागतो ना.

स्टोइक विचारांचा रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस, त्याचं अर्धंच वाचू नका. आज उद्धट, लुडबुडे, कृतघ्न लोक भेटणार असं सकाळीच स्वतःला सांगायचं, इथपर्यंत सगळ्यांना आवडतं आणि मग ऑफिसात प्रत्येकाकडे त्याच नजरेने बघतात. पुढे तो लिहितो की आपण हातापायांसारखे, वरच्या-खालच्या दातांसारखे एकमेकांच्या साथीने काम करायला जन्मलोय. हा भाग सोडला की नुसता माणूसघाणेपणा उरतो.

आणि स्टोइक सराव म्हणून गार पाण्याने आंघोळ केली तर स्टेटस टाकू नका. एपिक्टेटस सांगतो, सराव स्वतःसाठी करायचा असेल तर कडकडून तहान लागल्यावर गार पाण्याचा घोट तोंडात घ्या, थुंकून टाका आणि कोणाला सांगू नका. शेवटचा भाग सगळ्यात अवघड आहे, करून बघा.

एवढं करूनही दिवसभरात दोनदा भडकलात तर? सेनेका रोज रात्री दिवा मालवल्यावर अख्खा दिवस तपासायचा आणि चूक सापडली की स्वतःला म्हणायचा, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं.