दुसऱ्यांशी तुलना करायची सवय कशी सोडायची, बायबल हातात घेऊन

आमच्या इंदूरमधे रविवारची उपासना संपली की चर्चच्या आवारात गप्पा सुरू होतात, कोणाचा मुलगा पुण्यात लागला, पॅकेज किती, विजयनगरला फ्लॅट कोणी घेतला, आणि आत्ताच स्तुतीगीतं गायलेली माणसं तोंड पाडून घरी जातात. भंवरकुआंला पीएससीची तयारी करणाऱ्या पोरांचं तर विचारूच नका, टेस्टचा रिझल्ट लागला की आधी रूममेटचे मार्क बघतात. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक सल्ला ऐकणं बंद करा, "आपल्यापेक्षा कमी असणाऱ्यांकडे बघ, बरं वाटेल". चर्चमधेही हे सर्रास सांगतात पण ती पण तुलनाच झाली ना, नजर फक्त खाली वळली. बायबलच्या लूक 18 अध्यायातला परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, नेमकं हेच करतो, मी त्या जकातदारासारखा (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) नाही म्हणून देवाचे आभार मानतो, आणि येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार!!

मग करायचं काय, तर स्तोत्र 73 काढा. ते रचणारा आसाफ 3ऱ्या वचनातच कबूल करतो की दुष्टांची भरभराट बघून त्याला हेवा वाटला, आणि पुढे कितीतरी वचनं नुसती तक्रार आहे, मन वळतं ते 17व्या वचनात, देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर. तेव्हा तुम्ही पण गोडगोड प्रार्थना करू नका. दार लावा आणि नाव घेऊन स्पष्ट सांगा, "प्रभू, जाऊबाईंच्या नव्या घराच्या समर्पणाला जाऊन आले, त्यांचं मॉड्युलर किचन बघितल्यापासून मला माझा ओटा बघवत नाहीये." एवढं खरं बोला. मग त्याच बैठकीत जाऊबाईंसाठी आशीर्वाद मागा, त्या घरात शांती राहू दे, हप्ते फिटू देत. सुरुवातीला शब्द नुसते ओठांवर असतात, चालेल, पण रोज मागा, कारण ज्याच्यासाठी आपण रोज देवाकडे मागतो त्याचं चांगलं झालेलं फार काळ खुपत नाही असा माझा अनुभव आहे.

मत्तय 25 मधली तालांतांची गोष्ट पण नीट वाचा. धनी आपलं धन चाकरांवर सोपवतो, एकाला 5 तालांत, एकाला 2, एकाला 1. एक तालांत म्हणजे मजुराची 15-20 वर्षांची कमाई, म्हणजे 1 वाल्याकडेही भरपूर होतं, आणि 5 वाल्याला अन् 2 वाल्याला धन्याने दिलेली शाबासकी 21 आणि 23 वचनात अगदी सारखी आहे! मला यातून खूप बळ मिळतं.

आणि योहान 21. येशूचा शिष्य पेत्र मागे वळतो, दुसरा शिष्य येताना दिसतो, लगेच विचारतो याचं काय? येशू म्हणतो, "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये." आपण पहिलं वाक्य लक्षात ठेवतो, काम मात्र दुसऱ्याने होतं. म्हणजे कोणाचं स्टेटस बघून पोटात कालवलं की फोन उलटा ठेवा आणि देवाने तुमच्या पुढ्यात ठेवलेलं एक काम तिथल्या तिथे करायला घ्या, चुकलेला प्रश्न पुन्हा सोडवा, सासूबाईंची औषधं आणून ठेवा, काहीही. गलती 6:4 पण हेच सांगतं, ज्याने त्याने आपलं काम तपासावं. ज्यांची स्टेटस सारखी टोचतात ती सरळ म्यूट करा, त्यात पाप नाही, आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी एक अध्याय.

घरात मुलं असतील तर अजून एक. याकोबाने आपल्या मुलांपैकी एकट्या योसेफाला वेगळा झगा दिला आणि भावांच्या मनात केवढं विष भरलं ते उत्पत्ती 37 मधे आहेच. मार्कशीट आली की "शेजारच्याला किती?" हा प्रश्न घरात नकोच, त्याऐवजी मुलांना विचारा या वर्षी काय जमायला लागलं, आणि ती सांगतील त्याबद्दल त्यांच्यासमोरच देवाचे आभार माना.