दातदुखीचा फोटो दवाखान्यात पाठवताना

फोटो मागच्या कॅमेऱ्याने, खिडकीच्या उजेडात काढा. दुसऱ्या कुणाला तरी चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला ओढायला सांगा आणि आधी थुंकी टिपून घ्या, नाहीतर चकाकीत कीड दिसतच नाही. सेल्फीत डावं-उजवं उलटू शकतं, म्हणून बाजू लिहूनच कळवा. एक फोटो जवळून, एक चेहऱ्याचा समोरून. सूज त्यातच कळते.

फोटोपेक्षा मजकूर जास्त कामाचा. कळ आपोआप येते का, रात्री झोपमोड होते का, गार पाण्यानंतर ठणका किती वेळ राहतो, ताप, मधुमेह, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी. रिसेप्शनवरच्यांनी हे ठरलेल्या क्रमानेच विचारावं. ‘खूप दुखतंय का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. दोन दातांमधली कीड किंवा मुळाचा पू फोटोत दिसत नाही, त्याला एक्स-रेच लागतो.

गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, श्वास अडतो, सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकते: मेसेज करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभरात पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.