समाजवाद की बाजार: हा वाद नीट कसा घालायचा

हा वाद आपण सगळ्यांनी कधी ना कधी घातलाय आणि बहुतेक वेळा तो एकाच जागी अडकतो. एकजण म्हणतो सोव्हिएत युनियन बघ, दुसरा म्हणतो २००८ ची मंदी बघ, मग आवाज चढतात आणि विषय संपतो. मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण यातल्या चुकांनी कोट्यवधी माणसं मेलीत, दोन्हीकडच्या चुकांनी. म्हणून वाद घालायचाच तर तो कसा घालावा हे लिहितोय.

सगळ्यात आधी शब्द सोडवून घ्या. "समाजवाद" म्हणताना समोरच्याच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात: कारखाना कोणाच्या मालकीचा, काय आणि किती बनवायचं हे कोण ठरवतं, आणि आलेलं उत्पन्न कसं वाटलं जातं. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. स्वीडनमध्ये कर भरपूर आहेत, सरकार खर्चही भरपूर करतं, पण बहुतेक कंपन्या खाजगी आहेत आणि भाव बाजारात ठरतात, तेव्हा स्वीडनचं उदाहरण देऊन केंद्रीय नियोजन, म्हणजे काय आणि किती बनवायचं हे सरकारनेच ठरवणं, चालतं असं सिद्ध होत नाही, आणि सोव्हिएत नियोजन कोसळलं म्हणून सरकारी दवाखाने वाईट असंही सिद्ध होत नाही. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

मग आपल्याला न आवडणाऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा समजून घ्या, कमकुवत नाही. नियोजनाच्या विरोधातला भक्कम मुद्दा "लोक आळशी होतात" हा नाहीये. तो ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये मांडला: यंत्रं, जमीन, कच्चा माल यांची खरेदी-विक्रीच होत नसेल तर त्यांना भाव नसतो, आणि भाव नसेल तर एखादी गोष्ट बनवायच्या दोन पद्धतींपैकी स्वस्त कुठली हे मोजायचं कसं? नियोजन करणारा कितीही हुशार आणि प्रामाणिक असला तरी हा प्रश्न उरतोच.

हे ऐकायला कोरडं वाटतं, म्हणून एक उदाहरण जवळून बघा. १९३९ च्या आसपास सोव्हिएत युनियनमधल्या लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच या गणितज्ञाकडे प्लायवूडच्या कारखान्यांचा एक प्रश्न आला, की ओंडके सोलून थर काढणारी यंत्रं वेगवेगळी, लाकडंही वेगवेगळी, तर कुठलं लाकूड कुठल्या यंत्रावर लावायचं म्हणजे जास्तीत जास्त माल निघेल. माझे आकडे घेऊन बघा. समजा पहिलं यंत्र तासाला मऊ लाकडाचे १० थर काढतं किंवा कठीण लाकडाचे ५, आणि दुसरं मऊचे ४ किंवा कठीणचेही ४. पहिलं दोन्हीत सरस आहे. पण पहिल्यावर कठीण लाकडाचा एक थर काढायचा तर मऊचे दोन सोडावे लागतात, दुसऱ्यावर मात्र एकच, म्हणून दोन्ही प्रकार लागणार असतील तर कठीण लाकूड आधी हळू चालणाऱ्या यंत्राकडे जायला हवं. कागद-पेन घेऊन एकदा करून बघा, खरंच कळतं. हे जे "एकाच्या बदल्यात किती सोडलं" आहे ना, तोच भाव. कांतोरोविचनी त्याला भाव म्हटलं नाही, गुणक म्हटलं, कारण तिथल्या अधिकृत सिद्धांतात किंमत श्रमातून येते आणि त्यांच्या कामाकडे बराच काळ संशयाने बघितलं गेलं. १९७५ मध्ये मात्र त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं कारण ते दोन्हीकडे कापतं. नियोजनालाही भाव लागतातच, टाळता येत नाहीत, पण ते बाजाराशिवाय गणिताने काढता येऊ शकतात हेही त्यातून दिसतं. पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांचं मिझेसना उत्तर थोडंसं याच वळणाचं होतं, १९३६ मध्ये ते म्हणाले की नियोजन मंडळाने भाव जाहीर करावेत, माल तुटला तर वाढवावेत, साठला तर कमी करावेत, झालं.

मग इथे थांबून समोरच्याला विचारा की आकडे आले कुठून. कारण कारखान्यातल्या यंत्राचा वेग मोजता येतो, पण अख्ख्या देशाचं काय? बाजाराच्या बाजूचे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांचा १९४५ चा मुद्दा हाच, की लागणारी माहिती हजारो लोकांच्या डोक्यात तुकड्या-तुकड्यांनी असते, बऱ्याचदा त्यांना ती सांगताही येत नाही, आणि उद्या ती बदललेली असते. "आता कॉम्प्युटर आहेत" हे उत्तर आलं तर ते झिडकारू नका, चिलीमध्ये १९७१ ते १९७३ मध्ये सायबरसिन नावाचा प्रयोग झाला होता, कारखान्यांचे आकडे टेलेक्सने (तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या यंत्राने) राजधानीत यायचे, आणि १९७२ च्या ट्रकवाल्यांच्या संपात त्या जाळ्याचा खरोखर उपयोग झाला. १९७३ च्या लष्करी उठावाने तो प्रयोग बंद पडला, म्हणून तो यशस्वी की फसलेला हे त्यावरून ठरत नाही. पण कॉम्प्युटर गणिताचा वेग वाढवतो, खालून येणारा आकडा खरा करत नाही.

आणि आकडा खोटा का येतो? कारण आकड्यावर माणसाचं बक्षीस किंवा शिक्षा ठरते. १९५९ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांनी स्वतः तक्रार केली होती की झुंबरांचं उत्पादन टनात मोजतात म्हणून कारखाने जड झुंबरं बनवतात. हे किरकोळ वाटतं, पण चीनमध्ये १९५८ पासून खालच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवले, त्या आकड्यांवर धान्य वसूल झालं, आणि खेड्यांत खायला उरलं नाही. त्या दुष्काळातल्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

आता हाच कस बाजाराला लावा, आणि इथे ढिलाई करू नका, कारण बाजाराच्या बाजूने बोलणारे बरेचजण इथेच पाय काढतात. भाव माहिती देतो खरं, पण फक्त ज्याच्या खिशात पैसा आहे त्याची गरज सांगतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवलं की त्यांच्या आकड्यांनुसार धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ मध्ये तर दुष्काळ पडला नव्हता. युद्धामुळे भाव चढले, शेतमजुरांची मजुरी त्या मानाने वाढली नाही, आणि वासाहतिक सरकारने वेळेत हात दिला नाही. वीस ते तीस लाख माणसं गेली. शिवाय काही गोष्टींना भावच नसतो, धुरांड्यातल्या धुराचा खर्च कारखान्याच्या हिशोबात येत नाही, हे इंग्लिश अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच लिहिलं होतं.

आदर्श विरुद्ध प्रत्यक्ष अशी तुलना मात्र कोणालाच करू देऊ नका. पुस्तकातला बाजार आणि खरा गॉसप्लान (सोव्हिएत नियोजन मंडळ), किंवा पुस्तकातलं नियोजन आणि खरी मक्तेदारी, या दोन्ही तुलना बेकार आहेत. आणि बाजाराच्या आत नियोजन नसतं असंही धरू नका, मोठ्या कंपनीत एका विभागातून दुसऱ्यात माल जातो तो बहुतेक वेळा हुकमाने जातो, अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये विचारलेला प्रश्नच तो होता की मग कंपन्या असतात कशाला.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांच्या कामातून मिळतो. तोट्यातल्या सरकारी कारखान्याला माहीत असतं की आपल्याला कोणी बुडू देणार नाही, म्हणून तो खर्चाकडे बघतच नाही, आणि तुटवडा कायमचा होतो. याला त्यांनी मऊ अंदाजपत्रक म्हटलं. आता २००८ मध्ये अमेरिकेने अडचणीतल्या बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद केली, तेव्हा त्या बँकांचं अंदाजपत्रक कडक होतं का मऊ? हा प्रश्न बाजारवाल्याला विचारा आणि कोर्नाईंचा मूळ मुद्दा समाजवादवाल्याला विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा. मग एखादी ठरावीक गोष्ट घ्या, लस, वीज, घर, पाव, काहीही, आणि दोघं मिळून लिहून काढा की यात चूक झाली तर ती आधी कोणाला कळेल, किती दिवसांत कळेल, आणि ती कोणाच्या खिशातून भरली जाईल. पावाचं आणि लसीचं उत्तर सारखं येत नाही, हे लिहिताना तुम्हालाच दिसेल.